ओहोटीचं इतिवृत्त

बैठक बुधवारी अकराला.
इतिवृत्त मी सोमवारीच लिहून ठेवलं.
आमच्याकडे तशीच रीत आहे:
आधी ठरलेलं, मग लिहिलेलं,
आणि शेवटी घडलेलं, घडलंच तर.

संचालक विमानानं येतात,
एक लंडनहून, एक झुरिकहून.
कायदा म्हणतो, कंपनीचं डोकं
जर्सी बेटावरच असायला हवं.
म्हणून डोकी इथं आणली जातात,
चाळीस मिनिटं टेबलाभोवती मांडली जातात
आणि दुपारच्या विमानानं परत जातात.
मध्ये खेकड्याचं सँडविच.
त्याची पावती मी फाइलला लावते.
उद्या कुणी विचारलंच,
तर डोकं इथं जेवलं होतं, याचा पुरावा.

मी एलोईझ रेनूफ, कंपनी सचिव.
एकशे बारा कंपन्या, पत्ता एकच.
पितळी पाट्यांना दार पुरेना
म्हणून आतल्या भिंतीवर छापील यादी.
मदेराहून आलेली दुल्से
रोज संध्याकाळी तिच्यावरून फडकं फिरवते.
एकदा म्हणाली,
"एवढी मंडळी राहतात, आणि धुवायला कप दोनच?"

आजोबा चढावर बटाटे लावायचे,
समुद्राचं शेवाळ खताला घालून.
प्रत्येक पिंपावर नाव: पी. रेनूफ, सेंट मार्टिन.
बटाटा सडका निघाला
की माणूस पिंपासकट दारात उभा.
मालक कोण, हे तेव्हा
दार ठोठावून कळायचं.

आता ही कंपनी त्या ट्रस्टची,
ट्रस्ट कुठल्याशा फाउंडेशनचा,
फाउंडेशन चालतं एका पत्रावर,
पत्र तिजोरीत,
आणि तिजोरीचं भाडं भरते
पहिलीच कंपनी.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
आमच्याकडे दर थोडा चढा आहे.

तर, बुधवार. विषय सातवा.
भगिनी कंपनीला एक कोटी दहा लाख पौंड कर्ज,
विनातारण.
मी लिहिलेलंच होतं: सविस्तर चर्चेअंती, सर्वानुमते.
तेवढ्यात श्री. व्हायबर्ट खाकरले.
तिसरे संचालक, इथलेच,
चाळीस वर्षं बंदरात जहाजांचे वाटाडे.
स्वतंत्र संचालक हवा, असा नियम आला
तेव्हा कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं होतं:
साधा माणूस आहे, त्रास देणार नाही.

"हे परत कोण करणार?" त्यांनी विचारलं.

खिडकीबाहेर एक समुद्रपक्षी ओरडला.
लंडननं घड्याळ पाहिलं.
झुरिकनं पाण्याचा पेला उचलला,
प्यायला नाही, खाली ठेवला.
"आठवा विषय," अध्यक्ष म्हणाले.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच.
व्हायबर्ट टोपी हातात फिरवत म्हणाले,
"बाहेरची माणसं इथं ओहोटीला खडकांवर जातात.
मैल दोन मैल कोरडं. फोटो काढतात.
समोर बघत राहतात, पाणी येईल ते समोरून येईल म्हणून.
इथं आधी मागची घळ भरते, मिस रेनूफ.
पाय भिजतात तेव्हा किनारा गेलेला असतो."
तळमजला आला.
त्यांनी मला आधी बाहेर जाऊ दिलं.

संध्याकाळी मी 'सविस्तर चर्चेअंती' खोडलं.
'सर्वानुमते' खोडलं.
लिहिलं:
श्री. व्हायबर्ट यांनी विचारलं, हे परत कोण करणार.
उत्तर नोंदवण्यासारखं काही झालं नाही.

गुरुवारी मसुदा झुरिकहून परत.
त्या दोन ओळींवर लाल रेघ, समासात शेरा:
अनावश्यक.
पुढे, अगदी नम्रपणे: धन्यवाद.

दुल्से दिवे मालवत आली.
"अजून आहात?"
म्हटलं, दोन ओळींचं काम राहिलंय.
तिनं माझा कप उचलला नाही.

खाली धक्क्यावर होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या,
दोर सैल.
बंदराच्या तोंडाशी पाणी दिसत नव्हतं,
पण आवाज लागला होता.
मी रेघ काढून टाकली, ओळी ठेवल्या,
आणि सहीच्या जागी
पुढच्या बैठकीची तारीख घातली.