सीताबर्डी, काउंटरच्या अलीकडे

खुशालानी म्हणतो, मॅडम, हातात तर घ्या,
हातात घ्यायचे पैसे नाही लागत.

बॉडी आणि अठरा-एकशेचाळीसची लेन्स,
वापरलेला, बेचाळीस हजार,
वर्धेच्या कुठल्याशा लग्नवाल्याचा.
शटर एकोणतीस हजार वेळा पडलंय.
म्हणजे किती हळदी, किती घास,
पाठवणीतले किती लाल डोळे,
आणि काच अजून स्वच्छ.
मी लेन्स उजेडाकडे धरते,
छातीची फिल्म धरायचो तशी,
बुरशी आहे का, डाग आहे का.
सवय हो. मेडिकलला एक्स-रे काढते मी.
तेवीस वर्षं.

तेवीस वर्षं माणसांचेच फोटो,
पण कुणाला नाक नाही, भुवया नाहीत,
हसताना सापडतात ते फक्त जबडे.
एकदा गोंडखैरीच्या एका बाईनं विचारलं होतं,
बाई, याच्यात मी कशी आली?
छान आली, म्हटलं.
डावी बरगडी, पाचवी आणि सहावी. पायरीवरून पडली म्हणे.

घरी बैठक होऊन गेली या विषयावर.
शंतनू म्हणाला, कूलरचा पंप गेलाय, मे तोंडावर आहे.
पिहू म्हणाली, आई, आरशाचे कॅमेरे आता कोण घेतं,
कंपन्याच बंद करून राहिल्या, आणि फोन आहे की.
आहे. फोनमध्ये अकरा हजार फोटो आहेत,
निम्मे सिलेंडरच्या पावत्यांचे.
मी बेचाळीसला बारानं भागते,
घराच्या हप्त्याशेजारी मांडते,
पुन्हा भागते, जणू या वेळी कमी येईल.

काढणार कशाचे, हे शंतनूनं
इतकं सरळ विचारलं की राग आला नाही,
नुसतं उत्तर आलं नाही.
फुटाळ्याचा सूर्यास्त सगळं नागपूर काढतं.
गोरेवाड्याच्या पाखरांना ही लेन्स आखूड.
मला हवी आहेत ती बाकावरची माणसं,
नंबर येईस्तोवरची,
जुनं पाकीट मांडीवर धरून बसलेली,
आतलं अजून कुणी न पाहिलेली.
ते घरी कसं सांगायचं?
परवानगीही मिळायची नाही बहुतेक.

डोळा लावते.
काचेपलीकडे मेट्रोचा खांब,
खांबाच्या सावलीत हातगाडी,
मृगाची शेवटची संत्री, अर्धी सुरकुतलेली,
गाडीवाला डोक्याचा दुपट्टा सोडून
पुन्हा बांधतोय.
खटॅक.
आणि त्या खटॅकच्या पोटात एक काळोख,
पापणीएवढा.

आरसा वर जातो ना, खुशालानी सांगतो,
म्हणून फोटो निघतो तेव्हा तुम्हाला दिसत नाही.
नवीन मॉडेलमध्ये नाही होत असं.
मी पुन्हा दाबते. पुन्हा.
सगळं दिसतं, आधीचं, नंतरचं,
फक्त निघालं तेवढंच सुटतं.
मीही बटण दाबताना
शिशाच्या भिंतीमागेच असते.

एकोणतीस हजार आणि चार, तो हसून म्हणतो.
पट्टा काढताना मानेला गार लागतं.
शनिवारपर्यंत ठेवाल?
गिऱ्हाईक येऊन राहिले, मॅडम. ॲडव्हान्स असला
तर गोष्ट वेगळी.
पर्समध्ये पंपाचे सहाशे आहेत.
मोजते. सहाशेच आहेत.

सकाळी, रूम नंबर नऊ.
काटोलचे एक काका, उभं राहवत नाही म्हणून खुर्चीवर,
छाती, समोरून.
हनुवटी वर, काका. हलायचं नाही.
श्वास घ्या. रोखा.
भिंतीतल्या जाड काचेतून दिसतात
फुगवलेले गाल, घट्ट मिटलेले डोळे,
गालावर दाढीचं एक राहून गेलेलं खुंट,
त्यावर खिडकीतून आलेलं ऊन.
एक्स-रे केव्हाच निघालेला असतो.
मी पाहतच राहते.

सोडू का, बाई?
ते दाबल्या आवाजात विचारतात.