सतरावी वही

रात्रीचे दहा. नारिनमध्ये उणे सव्वीस.
टेबलावर नववीच्या वह्या,
लाल पेनातली शाई दर पाच मिनिटांनी गोठू बघते,
मी पेन चहाच्या पेल्याला टेकवून ठेवते.

प्रश्न मीच घातलेला, सोपाच:
मागची खोली गरम ठेवायची, पर्याय दोन.
कोळसा घ्याल तर शेगडीच्या डागडुजीला
दोन हजार चारशे सोम, पुढे दिवसाला साठ.
वीज घ्याल तर हीटर सहाशेचा,
पुढे दिवसाला पंच्याऐंशी.
समीकरणं मांडा. आलेख काढा.
गेल्या सात हिवाळ्यांत कडाक्याचे दिवस किती
ते घरी विचारून आणा,
आणि सांगा, परवडतं काय.

बोलोतबेकच्या रेघा इतक्या जाड
की छेदनबिंदू हरभऱ्याएवढा.
तिंचतिकनं शेजारच्याचं सगळं उतरवलंय,
शेजारच्याच्या नावासकट.

सतरावी वही आयझिरेकची.
अक्षर बारीक, कागद पुरवून वापरणाऱ्या घरातलं.
क्ष म्हणजे दिवस, ती लिहिते.
दोन हजार चारशे अधिक साठ क्ष
बरोबर
सहाशे अधिक पंच्याऐंशी क्ष.
सहाशे अलीकडे येतात, चिन्ह बदलून,
साठ क्ष पलीकडे जातात,
अठराशेला पंचवीसनं भाग: बहात्तर.
ताळाही केलाय.
बहात्तराच्या आत वीज स्वस्त, बाहेर कोळसा.

मग तिचे सात हिवाळे:
एकसष्ट, चौसष्ट, अठ्ठावन्न, सहासष्ट,
एकशे तेवीस,
त्रेसष्ट, एकोणसत्तर.
बेरीज पाचशे चार. भागिले सात.
बहात्तर!
तराजूचा काटा मधोमध उभा,
आणि मी खुर्चीत सरसावून बसले.

पोरगी गडबडत नाही.
सरासरी ही आवळ्या-भोपळ्याची मोट,
एका भोपळ्यानं सगळी वाकडी झालेली,
हे तिला दिसलंय.
आकडे चढत्या क्रमानं लावले,
तीन इकडचे, तीन तिकडचे सोडले,
मधला उचलला: चौसष्ट.
बहात्तराच्या आत. म्हणून वीज.

इथे थांबली असती
तर दहापैकी दहा देऊन
मी पुढची वही ओढली असती.

पण एक ओळ सोडून, वेगळ्या पेनानं:
"एकशे तेवीसवाल्या हिवाळ्यात
अकरा रात्री तारा तुटलेल्या होत्या.
एल्दियार तेव्हा नऊ दिवसांचा.
आईनं आधी कोठाराची फळी जाळली, मग पाळणा.
मग समोरच्या काकांनी गोवऱ्या आणून टाकल्या.
त्यांनी पैसे घेतले नाहीत,
त्यामुळे ते समीकरणात कुठे लिहायचं
कळलं नाही.
आम्ही कोळसा घेऊ."

शिक्षकांच्या पुस्तिकेत उत्तर: वीज.
समीकरणाला चार, आलेखाला तीन,
निष्कर्षाला तीन.

मागच्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं होतं,
जो आकडा बाकीच्यांत बसत नाही
त्याच्याकडे संशयानं पाहा,
चुकून आला असेल तर वगळा.
तो न बसणारा आकडा आता तीन वर्षांचा आहे.
शाळा सुटताना फाटकाशी उभा असतो,
कानांवरून घसरणारी टोपी, नाक वाहतंय,
परवा त्यानं मला बर्फाचा गोळा दिला,
मारला नाही, दिला,
हातात.

"माहितीशी विसंगत" असं लिहिलं मी समासात.
मग खोडलं.
खोडलेलंही वाचता येतं, म्हणून पुन्हा खोडलं,
कागद तिथे पातळ झाला.

माझा हीटर टकटक करतोय.
बाहेर खांबांवरून वारा जातो तेव्हा
दिवा किंचित पिवळा पडतो, सावरतो.
मी उठून दाराआडचं पोतं चाचपून आले:
दहा दिवसांचं असेल. फार तर अकरा.

सात गुण मांडलेत.
उरलेल्या तिनांचा चौकोन अजून रिकामा,
आणि पेल्यातला चहा गार.
अठरावी वही झामिराची आहे,
उत्तराखाली तिनं दोन रेघा मारल्यात.