कडता

सस्कॅचेवानच्या त्या सपाटीवर
आधी फक्त रूळ होते, आणि रुळांशेजारी
दुसऱ्यांचा काटा.
मापात पाप आहे, ओस्ताप ह्रिन्चुक म्हणाला,
आणि एकतीस जणांनी वीस-वीस डॉलर काढले.
थोरा एंगेननं कोंबड्या विकून.

मनोरा उभा राहिला. तांबड्या फळ्या,
कंपनीचं नाव एवढं मोठं
की बर्फात वाट चुकलेला वाचत घरी यायचा.

पहिल्या हंगामात कडता शेकडा दोन.
सदतीस साली दाणाच आला नाही;
एजंट रोज काटा पुसायचा,
आवक-वहीत लिहायचा: वारा.
त्याच वर्षी लहान काट्यावर थोराची नात जोखली,
दुलईसकट साडेनऊ पौंड.
दुलईचा कडता कुणी धरला नाही.

मग विलीनीकरण. नवा शिक्का, नवं नाव.
रूळ उखडले,
ट्रक दूरच्या काँक्रीटकडे वळले.
पाडायला आलेलं यंत्र
दुपारपर्यंत नुसतंच धडका देत राहिलं.

आता पायाच्या चौकोनात
शेवटच्या हंगामाचं मातेरं
न पेरता उगवलंय.
ह्रिन्चुकची पणती गाडी थांबवते,
एक ओंबी चोळते, फुंकते,
आणि दाणे चघळत राहते
त्यांचा डिंक होईपर्यंत.