खडान्खडा

या वाटेची मला खडान्खडा माहिती आहे,
आणि हे मी शब्दशः म्हणतो.
मंगळवारी सायकलला दाताळं बांधून निघतो,
पुढच्या टोपलीत कात्री, पाणी, अर्धा पाव,
आणि पावसात ज्या खडीनं जागा सोडली असेल
तिला परत जागेवर बसवतो.
मेअरच्या कचेरीतून याचे पैसे मिळतात. फार नाहीत.

पूर्वी इथून बरगंडीची वाइन आणि गुरं घेऊन
आगगाडी जायची.
रूळ उखडले तेव्हा मी जन्मायचा होतो.
लोखंड भंगारात गेलं, स्लीपर लोकांच्या बागांत पायऱ्या झाले,
उरला तो चढ, इतका मंद
की पायांना कळतो, डोळ्यांना नाही.
इंजिनाच्या दमाला जपून आखलेली वाट
आता माझ्या दम्याला सोसते.

सुरुवातीला मधोमध एक लाकडी खुंट आहे,
मोटार आत येत नाही. म्हणून ऐकू येतं
चाकाखाली चुनखडीचं चरचरणं,
कुंपणापलीकडे पांढऱ्या शारोले गाईंचं रवंथ,
आणि खूप लांब, टेकडीमागच्या डांबरी रस्त्यावर
कोणाची तरी घाई.

परगावचे सायकलवाले थांबतात,
नकाशा उलटासुलटा करून विचारतात, मठ कुठे आहे?
जागेवर जाल तर बोचऱ्या झुडपांत अडीच कमानी.
मी म्हणतो, मठ सगळीकडे आहे.
क्रांतीनंतर तो विकला गेला, गाडीगाडीनं.
बेकरीची पायरी म्हणजे प्रार्थनागृहाचा उंबरा,
फेर्नांची डुकरं कोरीव खांबाला पाठ खाजवतात,
आणि सोलांजच्या खुराड्यात एक देवदूत आहे,
नाक नसलेला,
त्याच्या पंखावर कोंबड्या बसतात.
लोक जाऊन पाहतात.
फोटो कोंबड्यांचे काढतात.

सोलांज राहते एकोणीस नंबरच्या फाटकावर.
फाटक नाही, नंबर आहे.
तिची आई इथली फाटकवाली.
दिवसा सहा गाड्या, रात्री एक मालगाडी,
आणि एक जाडजूड वही: वेळ, दिशा, उशीर.
आईच्या मागे वहीत कोरी पानं उरली.
सोलांजनं ती वाया जाऊ दिली नाहीत.
खिडकीत बसून लिहिते:

९.४०. सायकली दोन, पश्चिमेकडे. उशीर नाही.
११.०५. सायकल एक, मागे मूल, झोपलेलं. उशीर नाही.
२.१५. नवरा-बायको. तो पुढे, ती पाऊण किलोमीटर मागे.
उशीर: भांडणाएवढा.

एकदा मी खडा टाकून पाहिला,
"हे कोणाला पाठवायचं असतं?"
तिनं चष्म्यावरून पाहिलं.
"पाठवायचं असतं
तर इतकं खरं लिहिलं असतं का?"

मागच्या मंगळवारी खिडकी बंद होती.
किल्ली कुंडीखाली, दाराला चिठ्ठी:
मोतीबिंदू. आधी डावा डोळा. शुक्रवारी येते.
कोंबड्यांना मका. वही टेबलावर.
पेन्सिलच वापर, पेन नको.

मी तिच्या खुर्चीत बसलो. बराच वेळ कोणी आलं नाही.
एक गोगलगाय तेवढी पूर्वेकडून निघाली होती,
खडीवरून, म्हणजे तिच्या मानानं डोंगररांगांवरून.
तिची नोंद करावी की नाही
म्हणून जुन्या नोंदी चाळायला घेतल्या,
तर दर मंगळवारी मी.

८.५०. रस्तेवाला. खोकतोय.
८.५५. रस्तेवाला. खोकला कमी. कात्रीला धार नाही वाटतं.
९.२०. रस्तेवाला. उशीर: तीस मिनिटं.
बघून आले. अक्रोडाखाली पाव खात बसलाय.

ते अक्रोडाचं झाड इथून दोन किलोमीटरवर आहे.
सोलांजला सायकल येत नाही.

गोगलगाईची वेळ लिहिली, दिशा लिहिली.
मग खाली स्वतःला लिहायला घेतलं,
१०.२५. रस्तेवाला. पश्चिमेकडे.
उशिराच्या रकान्यापाशी पेन्सिल थांबली,
आणि मागच्या बाजूला कोंबड्यांनी एकच गिल्ला केला.
मका राहिला होता.