कडीला तेल

व्हिएनोबाईंची होडी माझ्या शेडमध्ये आली
ट्रेलरवर पालथी, डांबराच्या वासासकट.
पाइनच्या फळ्या एकीवर एक चढवलेल्या,
वडिलांच्या हातची, बाईंपेक्षा वर्षाने मोठी.
"खांदा गेलाय," त्या म्हणाल्या, "होडी नाही गेली."

मी जन्मभर मिक्केलीच्या बसगाड्यांच्या वायरी जोडल्या.
या होडीला हात लावताना मात्र
टोपी काढून ठेवली.
मोटर छोटी. बॅटरी मधल्या पाटाखाली,
जिथे माशांची टोपली असायची.
वजन मागे सरकलं की नाळ आभाळाकडे बघायची,
म्हणून दोन दिवस बॅटरी बोटभर पुढे, बोटभर मागे.
जुन्या लाकडाला भोक पाडलं एकच,
तेवढ्यासाठी ड्रिल दोनदा बंद केलं.

काम संपल्यावर वाटलं, काहीतरी फुकट द्यावं.
वल्ह्यांच्या कड्या गंजल्या होत्या.
घासल्या. तेल पाजलं.
बाळाच्या पाळण्यासारख्या गप्प झाल्या.

पहिल्या फेरीला मी बरोबर होतो.
बाई मागे बसल्या, सुकाणूवर हात,
आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.
मग: "साठ वर्षं या बेटावर मी पाठमोरी गेले.
घर लहान होताना पाहिलंय.
बेट येताना कधी पाहिलं नव्हतं."
वाटेतला बुडका खडक त्यांच्या पाठीला तोंडपाठ होता,
डोळ्यांना नव्हता.
दोनदा चुकल्या.
बाजूलाच एका सीलने डोकं वर काढलं,
आम्हाला पाहिलं, आणि गडबड न करता
खाली गेला.

आठ दिवसांनी त्या परत आल्या.
बादलीत चांदीसारखे बारीक मासे,
म्हणजे काम मोठं होतं.
"ते तेल काढ," म्हणाल्या.

बेटावर इम्पी राहते, त्यांची धाकटी बहीण.
कड्यांची करकर पाण्यावरून आली
की ती कॉफी चुलीवर ठेवायची,
केस बांधायची, अंगणातली बादली उचलायची.
"परवा मी धक्क्याला लागले तरी तिला कळलं नाही.
सॉनाच्या पायरीवर बसली होती, केस मोकळे,
आर्मासला बटाट्यांचा भाव सांगत होती.
आर्मास आमचा भाऊ. जाऊन अकरा वर्षं झाली.
सांगायची, थांबायची, मान हलवायची.
मी ऐकलं.
मी ऐकलं हे तिने पाहिलं.
कॉफी नव्हती.
मग आम्ही दोघी हवेबद्दल बोललो."

मी जन्मभर आवाज घालवायचे पैसे घेतले.
आवाज परत आणायचा दर मला ठाऊक नव्हता.
पेट्रोलच्या बोळ्याने कड्या पुसल्या,
रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवल्या,
सकाळी वल्हं घालून हलवून पाहिलं.
नाही.
पुन्हा मीठ, आणखी एक रात्र.
तिसऱ्या दिवशी शेडमधल्या मांजराने कान टवकारले,
तेव्हा मी बिल लिहिलं, आणि फाडलं.

आता संध्याकाळी किनाऱ्यावरून मला दिसतं:
बेटाच्या अलीकडे, लव्हाळ्यांपाशी,
बाई मोटर बंद करतात.
चांगल्या हाताने एक वल्हं उचलतात,
पाण्याला न लावता, कोरडंच,
करर्र.
थांबतात.
करर्र.
मग होडी तशीच तरंगत ठेवतात,
धुराड्यातून धूर निघेपर्यंत.