तीस मीटर

आमची इमारत शारजात, खालिद खाडीला लागून.
कधीकधी उपग्रहाचा नेम चुकतो,
तेव्हा माझा निळा ठिपका
चौथ्या मजल्यावरून उठतो
आणि तीस मीटर आत, पाण्यात जाऊन उभा राहतो.

"कुणाच्या बोटीत आहेस?"
रात्री पावणेबाराला निनादचा मेसेज.
मी पलंगावर, स्टॅटिस्टिक्सचं पुस्तक पोटावर पालथं,
एसीचं पाणी बादलीत टपटपतंय.
बादलीचा फोटो पाठवला.
"भिंतीवरचं घड्याळ दाखव."
दाखवलं.
"कॅमेरा फिरव. सावकाश. एकटीच आहेस?"
शलाकानं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.
तिला आता सवय झालीय.

सुरुवातीला तीच म्हणाली होती,
नशीब लागतं गं, एवढी काळजी करणारा मिळायला.
मलाही ती काळजीच वाटली.
पाळत हा शब्द माहीत होता,
पण तो चोरांसाठी ठेवलेला.

मग पासवर्ड. मग वर्गातला फैसल ब्लॉक,
मग आतेभाऊसुद्धा.
मग तो एक फोटो,
जो पाठवायचा नव्हता आणि पाठवला.
आता भांडणात तो एवढंच लिहितो,
"बाबांचा नंबर आहे माझ्याकडे,"
पुढे एक हसरा चेहरा.

बाबा अजमानच्या गोदामात खोकी मोजतात.
त्यांच्या फोनची काच फुटलीय,
फोटो आलाच तर तडकलेला दिसेल.
असल्या गोष्टींवर मी तग धरते.

गुरुवारी फोन शलाकाच्या सॅकमध्ये सरकवला.
ती लायब्ररीत. ठिपका लायब्ररीत,
शहाण्या मुलीसारखा.
मी चालत खाडीवर आले.
बोटवाल्यानं नारिंगी जाकीट पुढे केलं,
विचारलं, "एकटीच?"
पोटात तोच गोळा.
हात खिशात गेला, पुरावा द्यायला.
खिशात वीस दिरहम.
"हो," म्हटलं, "एकटीच."

दमट हवेनं चष्मा धुरकटला, पुसला नाही.
मागे वळून आमची खिडकी शोधली,
वाळत घातलेला हिरवा टॉवेल दिसला,
अंदाज केला.
इथंच कुठंतरी नकाशा मला उभी करत होता.
हात बुडवून पाहिला.
पाणी कोमट होतं.

परत जाईन तेव्हा तीसचाळीस मिस्ड कॉल असतील.
निघताना शलाकानं विचारलं होतं,
सॅक थरथरत राहिली तर मी काय करू?
थरथरू दे, म्हटलं.