हातोडा थांबला की

गुफरमाट.
गुफर म्हणजे दरडीचे दगड, माट म्हणजे कुरण.
नावातच अर्धं गाव घसरलेलं, अर्धं हिरवं.

ढग इथवर पोचेपर्यंत रिते होतात,
म्हणून हिमनदीच्या तोंडापासून
कड्याला लाकडी पन्हळी टांगून पाणी आणलं.
कुणी, ते ठाऊक नाही.
चर्चमधल्या सगळ्यात जुन्या कातड्यावर एवढंच आहे:
एका विधवेनं गुरुवारच्या रात्रीचं दोन तासांचं पाणी
एका गाभण गायीच्या बदल्यात विकलं.
गावाचा इतिहास त्या गायीपासून सुरू होतो.
तिचं नाव लिहिलंय. विधवेचं नाही.

पाळ्या कागदावर नव्हत्या.
घरटी लार्च लाकडाची एक पट्टी,
पट्टीवर घराची खूण: कावळ्याचा पाय, मोडकी शिडी,
आणि जितके तास तितक्या खाचा.
एका आम्ब्रोसनं रातोरात अर्धी खाच वाढवली,
तर त्याच्या पणतवंडांनाही लोक
'अर्ध्या तासाचे' म्हणूनच ओळखत.

पाटावर पाणचाक, चाकाला हातोडा,
हातोड्याखाली फळी.
ठक्.
ठक्.
वाजतोय तोवर पाणी चालू आहे.
थांबला की समजायचं, वर कुठेतरी पन्हळ तुटली,
पाटकऱ्यानं दोर घेऊन निघायचं.
गाव त्या आवाजात झोपायचं
आणि शांततेनं दचकून उठायचं.

कड्यावरून नऊ पाटकरी पडले.
म्हणजे नोंदीत नऊ.
माझा बाप थिओडूल शेवटचा. तो पडला नाही,
गुडघ्यांपुढे हरला.

हिमलोट आला तो फेब्रुवारीत.
पाट गोठलेला, हातोडा खुंटीवर.
म्हणून कुणी उठलं नाही.
वरच्या आळीतली सात घरं गेली, शाळामास्तर गेला.
मे महिन्यात बर्फ उतरलं, तेव्हा क्रेसेन्त्सियाच्या तळघरातलं चीज
जसंच्या तसं निघालं.
उरलेल्या गावानं ते वाटून खाल्लं.
पाळीप्रमाणे.

पुढे आर्जेन्टिनाचे दलाल आले, गव्हाच्या गोष्टी सांगत.
निम्म्या पट्ट्या खिळ्यांना तशाच लटकत राहिल्या.
त्यांचं पाणी कुणी घेतलं नाही.
सोमवारी पहाटे तीन ते पाच
ते ओसाड कुरणांत सोडून देत.
चोरी नको. शिवाय,
परत आले तर?
तिथलं गवत गावात सगळ्यात दाट,
आणि कापायला कुणी नाही.

आता डोंगरातून बोगदा, बोगद्यातून नळ.
जुन्या पाटात जून ते सप्टेंबर थोडं पाणी सोडतात,
हातोडा पर्यटकांसाठी वाजतो.
मी खाली शहरात हिशेब लिहिते,
उन्हाळ्यात वर येऊन चाकाला वंगण घालते.

गेल्या जुलैत हॉटेलातल्या एका पाहुण्याची तक्रार आली,
झोप लागत नाही.
मालक सभ्य माणूस. रात्री त्यानं हातोडा दोरीनं बांधला.

दोन वाजता गल्लीत दिवे हलू लागले.
ब्याऐंशी वर्षांची लुडविना, बुटांच्या नाड्या लोंबत,
मोडक्या शिडीवाले दोघे भाऊ, फावडी घेऊन,
आणि मी, खांद्यावर बापाचा दोर.
कुणी कुणाला काही विचारलं नाही.
पाणी नळातून नीट वाहतंय
हे चौघांनाही ठाऊक होतं.

तरी आम्ही कड्यापर्यंत जाऊन आलो.